धरायला शिकलेली बाई

पहिल्यांदा बाटली लागली तेव्हा लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यांदा आला तो ओला आवाज होता.

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. आठवीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात एक मुलगी उताणी पडली होती. दुसरी तिच्या छातीवर गुडघा रोवून बसली होती आणि तिच्या हातातली पाण्याची स्टीलची बाटली वर जात होती, खाली येत होती. सभोवती पोरींचं कडं. कुणी किंचाळत होतं, कुणी नुसतं तोंडावर हात ठेवून बघत होतं.

समोरच्याच खोलीच्या दारात शाळेच्या मानसशास्त्रज्ञ बाई उभ्या होत्या. आत एका मुलाची चाचणी चालू होती, म्हणून त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं. ते तसंच पळत राहिलं. बाईंनी "अगं" म्हणायला तोंड उघडलं, पण घशातून हवाच बाहेर आली. पाय जमिनीला खिळले. शिपाईमामा धावत आले, त्यांनी मारणाऱ्या मुलीला मागून काखेत हात घालून उचललं, तर तिने डोकं मागे असं आदळलं की मामांच्या नाकाचं हाड मोडलं. शेवटी पी.टी.च्या सरांनी तिचे पाय धरले आणि दोघांनी मिळून तिला पोत्यासारखं ऑफिसात नेलं.

खाली पडलेल्या मुलीचा जबडा मोडला होता. दोन दात फरशीवर होते. ते कुणी उचलावेत हे कुणालाच कळेना.

भांडणाचं कारण ऐकून सगळे चक्रावले. त्या बिचारीने मागून येऊन मैत्रिणीचे डोळे झाकले होते. "ओळख बघू कोण?" एवढंच.

मारणाऱ्या मुलीला वर्गात 'हातोडी' म्हणत. हे काही तिचं पहिलं भांडण नव्हतं. आणि मानसशास्त्रज्ञ बाईंना अख्खी शाळा 'ठोकळेबाई' म्हणे. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक चहा पिताना म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. त्या शिकल्या त्या काळात शाळेतल्या मानसशास्त्रज्ञाचं कामच ते होतं. मागे पडणारं मूल खोलीत आणायचं, त्याच्यापुढे रंगीत ठोकळे मांडायचे, नक्षी जुळवायला सांगायचं, वेळ मोजायची, बुद्ध्यांक काढायचा. आकडा खाली आला की मूल वेगळ्या शाळेत. बाईंचा हात या कामात इतका बसला होता की मूल खुर्चीवर कसं टेकतं यावरून त्या मनात आकडा धरत, आणि तो सहसा चुकत नसे.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी बघत उभी राहिले रे. दगडासारखी."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस शांत, तोलूनमापून बोलणारा. तो म्हणाला, "तू पोलीस नाहीस. तुझं ते काम नाही."

"तेच तर. मग कुणाचं आहे?"

याचं उत्तर शिक्षण खात्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. गावोगावच्या शाळांत मारामाऱ्या वाढल्या होत्या. शाळेतल्या मानसशास्त्रज्ञांनी आता खोलीत बसून चालणार नाही, मूल बिथरलं की पहिल्यांदा तिथे त्यांनी पोचायचं, असा हुकूम निघाला आणि सगळ्यांना प्रशिक्षणाला धाडण्यात आलं.

प्रशिक्षण एका जुन्या व्यायामशाळेत होतं. खाली गाद्या अंथरलेल्या. शिकवणारा माणूस मनोरुग्णालयात नर्स म्हणून केस पांढरे होईपर्यंत राबलेला. सगळे त्याला 'ब्रदर' म्हणत. त्याच्या डाव्या कानाची पाळी नव्हती, कुणा रोग्याने चावून तोडली होती. त्याने आल्या आल्या नमस्कार केला, एक खुर्ची उचलली आणि भिंतीवर फेकली. खुर्चीचा पाय तुटून सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. दोन-तीन जण ओरडले.

"आता जागचं हलू नका," ब्रदर म्हणाला. "कुठे उभे आहात बघा. सगळेच्या सगळे मी आणि दार यांच्या मधे. मला बाहेर पडायचं असेल तर तुमच्या अंगावरूनच जावं लागेल. वाट अडवली की माणूस मारतो. मूल असो, बाप असो, मांजर असो."

मग त्याने शिकवायला सुरुवात केली. समोर छाती काढून नाही, तिरकं उभं राहायचं. हात दिसतील असे, उघडे. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. वाक्य लहान. बिथरलेल्याला हलवता येत नाही, तेव्हा बाकीच्यांना हलवायचं. आणि अगदीच वेळ आली, धरावं लागलं, तर समोरून, आपण कोण आहोत ते सांगत. मागून कधीच नाही.

बाईंच्या शेजारी त्यांचे एक ज्येष्ठ सहकारी बसले होते. निवृत्तीला टेकलेले, चाचण्यांवर त्यांचा मोठा अभ्यास. दुपारपर्यंत त्यांनी सोसलं, मग उठले. "आपण मोजणारी माणसं आहोत," ते म्हणाले, "धरणारी नव्हे. मला या वयात कुस्ती शिकायची नाही." आणि पिशवी उचलून चालते झाले. ते पुन्हा आले नाहीत, नोकरीही त्यांनी सोडली. बाईंनाही मनातून तसंच उठावंसं वाटलं होतं. पण फरशीवरचे ते दात डोळ्यांपुढून जाईनात.

दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी आली. ब्रदर चिडलेला पालक झाला. तो हळूहळू जवळ आला, इतका जवळ की त्याच्या तोंडच्या तंबाखूचा वास बाईंच्या नाकात भरला. "माझ्या पोराला येडा ठरवतेस? तू कोण गं? कोण लागून गेलीस?" त्याची थुंकी त्यांच्या गालावर उडाली. बाईंनी हात उघडे ठेवले, तिरक्या उभ्या राहिल्या, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. आणि मग त्यांचा उजवा हात आपणहून उठला आणि ब्रदरच्या थोबाडावर बसला. पूर्ण ताकदीने. त्याचा ओठ फाटला, रक्त हनुवटीवर आलं.

बाई आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला चापट मारली नव्हती.

ब्रदरने बाहीने तोंड पुसलं आणि हसला. त्याचे दात लाल झाले होते. "झकास," तो म्हणाला. "मुलं का मारतात हे पुस्तकात वाचून कळत नाही, मॅडम. आता तुमच्या हाताला कळलं."

नंतर त्या रोज घरी सराव करू लागल्या. नवरा उशी घेऊन त्यांच्या अंगावर धावून जाई आणि त्या तिरक्या उभ्या राहून खालच्या आवाजात त्याला शांत करत. "संसारात हे आधी शिकली असतीस तर," तो एकदा दम खात म्हणाला, "माझे बरेच चष्मे वाचले असते."

हातोडीला काही आठवडे घरी बसवलं होतं, ती परत आली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ठोकळेबाईंना बोलावून घेतलं. "तिची चाचणी घ्या. मला फक्त एक आकडा द्या, मी तिला इथून हलवते. त्या जबडा मोडलेल्या मुलीचे आईवडील रोज माझ्या उरावर बसतात."

बाईंनी चाचणीच्या खोलीतलं टेबल भिंतीला सरकवलं. मुलीला दाराजवळची खुर्ची दिली आणि स्वतः समोर न बसता बाजूला बसल्या. हातोडी अंगाने आडदांड वगैरे नव्हती. बारकीच होती. मान मात्र सतत वळत असे, मागे कोण आहे ते बघायला.

ठोकळे तिने असे भराभर लावले की बाई थक्क झाल्या. मग पाय हलवताना तिचा झगा वर सरकला. नडग्यांवर वळ होते. काळे, हिरवे, पिवळे पडलेले.

"हे काय गं?"

"हे?" मुलीच्या आवाजात लाज नव्हती, उलट थोडा तोराच होता. "हा डोळे मिटले म्हणून. हा मागे सरकले म्हणून. हा जुना आहे, तेव्हा मी रडायचे."

"कोण मारतं?"

"मारत नाहीत. शिकवतात. बाबा."

बाप एका मोठ्या हॉटेलच्या दारावर बाउन्सर होता. रोज सकाळी मुलीला गच्चीवर नेई. कधी मागून गळा धरी, कधी बेसावध असताना लाथ घाली. तिने त्याच्याआधी मारलं तर शाबासकी, नाहीतर वळ. तिने मैत्रिणीचा जबडा मोडला त्या दिवशी त्याने तिला नवे बूट आणले होते.

"आणि आई?"

"आई खाली रेडिओ लावते. मोठ्याने."

"दुखत नाही तुला?"

मुलीने खांदे उडवले. "दुखणं मनात असतं. मनाला सांगायचं, गप."

बाईंनी ठोकळे पेटीत भरले. मग म्हणाल्या, "हे मला बालसंरक्षण विभागाला कळवावं लागेल. तुझ्यापासून लपवून कळवणार नाही, म्हणून आधी तुला सांगते."

मुलगी पांढरीफटक पडली. "ते तुम्हाला मारतील, बाई."

"मारतील कदाचित."

"तुम्हाला काहीच येत नाही!" ती ओरडली आणि ठोकळ्यांची पेटी उचलून तिने खिडकीवर भिरकावली. काच फुटून खाली मैदानात पडली. बाई तिरक्या उभ्या होत्या, हात उघडे. दार मोकळं होतं. मुलगी त्या दारातून पळाली नाही. तिथेच उभी राहून हुंदका गिळत राहिली.

विभागाची माणसं घरी गेली आणि मुलीला मावशीकडे नेऊन ठेवलं. तिच्या जवळपास फिरकायचं नाही असं बापाला बजावलं. त्याने मान डोलावली. आरडाओरडा नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला तास चालू असताना तो व्यायामाचा लोखंडी बार घेऊन शाळेत आला.

फाटकावर शिपाईमामा आडवे आले. त्याने त्यांच्या हातावर बार घातला, हाताचं हाड कोपराखाली कोनात वाकलं. मग तो व्हरांड्यातून चालत आला आणि एकेका वर्गाची काच फोडत आला. घाई नव्हती त्याला. प्रत्येक काचेतून आत बघे, मुलगी दिसली नाही की पुढे. आतून मुलांच्या किंकाळ्या येत होत्या. शिक्षकांनी दारं लावून घेतली, बाकं सरकवली. मोठ्या बाई ऑफिसात कोंडून घेऊन फोनवर ओरडत होत्या.

ठोकळेबाई खोलीतून बाहेर आल्या. व्हरांड्यात अडकलेल्या तीन पोरींना त्यांनी आधी आपल्या खोलीत ढकललं आणि दार ओढून घेतलं. मग तिरक्या उभ्या राहिल्या. जिन्याकडची वाट मोकळी सोडली. या वेळी आवाज आला.

"तुमची मुलगी सुखरूप आहे."

तो थांबला. दारू प्यालेला नव्हता. एक डोळा काचेचा होता, तो हलत नव्हता. दुसरा त्यांच्यावर रोखलेला.

"तूच ती ठोकळेवाली. माझी पोर पळवलीस."

"मी कळवलं. हो."

"मी तिला जगायला शिकवतो. तू काय शिकवतेस? ठोकळे?" त्याने बार भिंतीवर घातला, पोपडे उडाले. "हा डोळा बघ. सोळा वर्षांचा होतो. चौघांनी रस्त्यात धरलं. मला तुडवत होते आणि लोक उभे राहून बघत होते. तुझ्यासारखे, शिकलेले, कपड्यांना डाग लागू न देणारे. एकही माईचा लाल पुढे आला नाही."

बाईंना वाटलं, याने बार घातला असता तरी इतकं लागलं नसतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खरं आहे. मीही उभी राहून बघितलंय. याच जागी."

बार थोडा खाली आला. ते बोलणं बहुधा आणखी पुढे गेलं असतं. पण तेवढ्यात रस्त्यावर पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजला, त्याचा चेहरा एकदम मिटला आणि बार फिरला.

गळ्याजवळचं हाड मोडल्याचं बाईंनी आधी ऐकलं, मग त्यांना दुखलं. त्या गुडघ्यांवर आल्या. दुसरा घाव डोक्याकडे आला, त्यांनी डावा हात मध्ये घातला, बोटं चिरडली. समोरची फरशी डोळ्यांपुढे गरगरू लागली. तिसऱ्या घावासाठी त्याने बार उचलला, तो खाली आलाच नाही.

हातोडी त्याच्या मागे उभी होती. बाकाखाली लपलेली ती वर्गाच्या फुटक्या खिडकीतून उडी मारून आली होती, कोपरापासून मनगटापर्यंत काचेने कापलेली. तिच्या हातात भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं होतं. पहिला घाव तिने बापाच्या गुडघ्याच्या मागे घातला. तो वाकला. दुसरा डोक्यावर. तो आडवा झाला, बार खणखणत जिन्यावरून खाली गेला.

तो उठत नव्हता. कानातून रक्त येत होतं. मुलीने नळकांडं पुन्हा डोक्यावर उचललं.

एक क्षण बाईंना मनापासून वाटलं, मार. घाल अजून एक.

मग त्या सरपटत पुढे गेल्या आणि बाप-लेकीच्या मधे, मुलीकडे तोंड करून गुडघ्यांवर उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे बघ."

"बाजूला व्हा, बाई."

"नाही."

"तो उठेल! तुम्हाला माहीत नाही, तो उठतो!"

"तो पडलाय. मी समोर आहे. तुझ्या मागे कुणी नाही."

नळकांडं खाली आलं. बाईंच्या मांडीला घासून फरशीवर आदळलं, फरशी दुभंगली. पाठोपाठ मुलगीच अंगावर आली. ठोसे, नखं, दात. त्यांच्या चांगल्या खांद्याला ती कडकडून चावली. बाईंनी उजवा हात तिच्या पाठीवरून टाकला, समोरून, आणि धरून ठेवलं. मोडलेलं हाड आत आतड्यापर्यंत कळा मारत होतं. "मी ठोकळेबाई आहे. मागे कुणी नाही. मी समोर आहे. मागे कुणी नाही." पोलीस वर आले तेव्हा त्या हेच म्हणत होत्या. एक पोलीस मुलीला ओढायला मागून वाकला, तर शाळेने कधी ऐकला नव्हता असा आवाज बाईंनी काढला. "मागून हात लावू नका तिला!" तो खरोखर मागे सरला.

थोड्या वेळाने चावा सैल झाला. मग मुलगी रडायला लागली. इतक्या वर्षांचं साठलेलं, बेसूर, गुरासारखं रडणं.

बाप वाचला. कवटीला तडा गेला होता, एक बाजू लुळी पडली. दवाखान्यातून तो थेट तुरुंगात गेला. मुलीची आई बाईंना दवाखान्याच्या जिन्यात भेटली आणि त्यांच्या पायापाशी थुंकली. "माझं घर मोडलंत तुम्ही," ती म्हणाली. नवऱ्याने गुपचूप रुमाल काढला आणि त्यांची चप्पल पुसली.

बापाला मारल्याबद्दल बालन्यायालयात मुलीच्या बाजूने निकाल लागला, पण मोठ्या बाई तिला परत घ्यायला तयार नव्हत्या. "आधी मैत्रिणीचा जबडा, मग बापाचं डोकं. माझ्याकडे बाकीची लेकरं आहेत. तुम्ही अजून तिचा आकडा दिलेला नाही."

बाईंच्या खांद्याला पट्टा होता, बोटांत सळया. "आकडा हवाय? वर्गात तिच्याइतकी हुशार कुणी नाही. आता सांगा, त्या आकड्याचं काय करणार?"

"आणि उद्या तिने पुन्हा मारलं तर?"

"मारेल ना. तिला एवढंच शिकवलंय. दुसरं शिकवायला वेळ लागणार. मी असेन तिथे."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या दिवशी फोनवर ओरडणारा आपलाच आवाज त्यांना आठवत असावा. "ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण जे होईल ते तुमच्या डोक्यावर."

"डोकंच तेवढं शाबूत आहे," बाई म्हणाल्या, आणि दोघींनाही नको असताना हसू आलं.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. हातोडीने बाईंच्या मनगटाला ओरबाडलं, एकदा त्यांचा चष्मा पायाखाली चिरडला. नवऱ्याने दुकानातून दुसरा आणून दिला, मग तिसरा. जबडा तारेने बांधलेली मुलगी परत आली तेव्हा दोघींना बाईंनी वेगवेगळ्या जिन्यांनी वर आणलं. ती हातोडीकडे बघतही नसे आणि त्यासाठी तिला कुणी काही बोललं नाही. ब्रदर भेटायला आला, त्याने बाईंना सोबत शिकवायला बोलावलं. नव्या दमाच्या तरुण मानसशास्त्रज्ञांसमोर त्या उभ्या राहिल्या तेव्हा एकीने विचारलं, "मॅडम, त्या दिवशी तंत्राचा उपयोग झाला का?"

"बापावर नाही झाला," बाई म्हणाल्या. "भोंग्याने सगळं मातीत घातलं. पण पोरीला धरायचं कसं ते मला माहीत होतं. ते नसतं माहीत, तर आज ती खुनी असती."

वार्षिक परीक्षेच्या आधी एक दिवस पाण्याच्या नळावर रांगेत कुणीतरी म्हणालं, "सरका, सरका, बापाला मारणारी आली."

हातोडी वळली. बोलणारीच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. हातोडीच्या मुठीची हाडं पांढरी झाली, हात खांद्याच्या वर गेला. बाई मैदानापलीकडून धावत निघाल्या होत्या, पण पोचणं शक्य नव्हतं, हे त्यांना धावतानाच कळत होतं.

मुलीने तोंडावाटे काहीतरी घाणेरडी शिवी हासडली, गर्रकन फिरली आणि पंपाच्या खोलीच्या लोखंडी दाराला अशी लाथ घातली की अख्ख्या मैदानात आवाज घुमला. मग एका पायावर उड्या मारत खाली बसली.

बाई धापा टाकत पोचल्या. तिचा बूट काढला. अंगठा वाकडा झाला होता आणि बघता बघता सुजत होता.

"दुखतंय?"

"खूप," मुलगी म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. "खूप दुखतंय, बाई."

"दुखणारच. हाड मोडलंय." बाईंनी तिचा हात आपल्या बऱ्या खांद्यावर घेतला. "चल. लंगडत चल, घाई नाही."